अर्ज आधी पाच जणांना भरू द्या

दहावी-बारावीचे निकाल लागले की महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी सारखंच चित्र दिसतं. तहसील कचेरीच्या आसपासची महा ई-सेवा केंद्रं, झेरॉक्सची दुकानं, नेट कॅफे पालकांनी भरून जातात. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाला डोमिसाइल, कुणाला नॉन क्रिमीलेयर. यातले बहुतेक अर्ज घरबसल्या भरता येतात असं सरकार सांगतं आणि कागदोपत्री ते खरं आहे. तरी माणसं दिवसाचा खाडा करून, सरकारी शुल्कावर वेगळे पैसे मोजून, दुसऱ्याच्या हातून अर्ज भरून घेतात. रांगेतल्या अनेकांच्या खिशात स्मार्टफोन असतो. काम झालं की त्याच फोनने क्यूआर कोड स्कॅन करून ते केंद्रचालकाला पैसे देतात.

‘आपल्याकडे लोक अजून डिजिटल साक्षर झालेले नाहीत’ हे उत्तर इथेच गळून पडतं. पैसे पाठवणं हे दाखल्याच्या अर्जापेक्षा कितीतरी जोखमीचं काम आहे. एक शून्य जास्त पडलं तर दहापट रक्कम जाते. पण तिथे एका वेळी एकच गोष्ट विचारतात: कुणाला, किती, पिन. पैसे जाण्याआधी समोरच्याचं नाव दिसतं, गेल्यावर हिरवी खूण आणि आवाज येतो. दाखल्याच्या अर्जात तोच माणूस एका लांबलचक पानावर चाळीस रकान्यांसमोर उभा राहतो, आणि शेवटचं बटण दाबल्यावर पान वर सरकून लाल अक्षरात ‘इनव्हॅलिड इनपुट’ एवढंच म्हणतं. कोणत्या रकान्यात काय चुकलं, ते त्याने शोधायचं. माणूस तोच, फोन तोच. फरक पडतो तो अर्ज कसा रचला आहे याने.

म्हणून मागणी एकच आहे. कोणताही सार्वजनिक अर्ज ऑनलाइन सुरू करण्याआधी, ज्यांच्यासाठी तो आहे अशा निदान पाच जणांनी तो कुणाच्याही मदतीशिवाय स्वतःच्या फोनवर भरून दाखवला पाहिजे, आणि ही गोष्ट कंत्राटाच्या अटींत लिहिलेली असली पाहिजे. सूचना, परिपत्रक, मार्गदर्शक तत्त्व एवढ्यावर भागणार नाही. ज्या अटीवाचून बिल निघत नाही, ती अट पाळली जाते.

याकडे सोयीसुविधेचा प्रश्न म्हणून पाहिलं जातं, पण हा हक्काचा प्रश्न आहे. २०१५ साली महाराष्ट्राने लोकसेवा हक्क अधिनियम केला. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा नागरिकाचा हक्क झाला. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला तर पहिलं अपील, दुसरं अपील आणि पुढे आयोगाकडे दाद मागता येते. चांगला कायदा आहे. पण ही मुदत मोजायला लागतात ती परिपूर्ण अर्ज दाखल झाल्यापासून. ज्याचा फोटो तिसऱ्या पानावर अपलोडच होत नाही, त्याचा अर्ज दाखल झालेला नसतो. त्याला अर्ज क्रमांक मिळत नाही. क्रमांक नाही म्हणून मुदत नाही, मुदत नाही म्हणून अपील नाही. तो कुणाच्याही आकडेवारीत दिसत नाही. कचेरीतल्या खिडकीवर कारकुनाने अर्ज घ्यायला नकार दिला तर निदान तक्रार करायला एक माणूस समोर असतो.

त्या फोटोपासूनच सुरुवात करू, कारण कितीतरी माणसं तिथेच अडतात. आजच्या साध्या फोनने काढलेला फोटो ३-४ एमबीचा भरतो. अर्ज मागतो २० केबी, म्हणजे दीडशे-दोनशेपट लहान. काही अर्जांत कमालीबरोबर किमान मर्यादाही असते, म्हणजे जास्त लहान झाला तरी नापास. फोनच्या गॅलरीत ‘२० केबी करा’ असं बटण नसतं. मग माणूस शोधत शोधत एखाद्या अनोळखी साइटवर जातो, स्वतःचा फोटो, आधार कार्ड, शिधापत्रिका तिथे चढवतो आणि लहान करून घेतो. त्या कागदांची प्रत तिथे राहिली का, हे त्याला कधीच कळत नाही. सरकारी अर्जाच्या एका अटीमुळे नागरिकाची कागदपत्रं अशी परक्याच्या हवाली होतात. वास्तविक फोटो लहान करणं हे साइटचं काम आहे. ब्राउझरलाच फोटो हव्या त्या मापाला आणून, दाबून, मग पुढे पाठवता येतो आणि ही सोय कित्येक वर्षांपासून उपलब्ध आहे. जाणत्या प्रोग्रामरला त्यासाठी फार तर दोन दिवस लागतात. जाता जाता त्याने आणखी एक गोष्ट सांभाळावी: फोन अनेकदा फोटो आडवाच साठवतो आणि ‘हा उभा दाखवा’ अशी नोंद सोबत ठेवतो. ती नोंद न वाचणाऱ्या साइटवर माणूस आडवा पडलेला दिसतो, आणि पुढे तपासणीत ‘फोटो अयोग्य’ म्हणून अर्ज परत येतो.

दुसरी अडचण ओटीपीची. ओटीपी पाहायला माणूस मेसेजमध्ये जातो. २-३ जीबी रॅमच्या फोनवर तेवढ्यात मागे राहिलेलं ब्राउझरचं पान मेमरीतून काढून टाकलं जातं. परत आल्यावर पान नव्याने उघडतं आणि अर्ज कोरा. ऑफिसातल्या लॅपटॉपवर हे कधीच घडत नाही, त्यामुळे अर्ज बनवणाऱ्याला ही अडचण ठाऊकच नसते. दुसरी गंमत वाटावी अशी, पण माणसाला रडवणारी गोष्ट: ओटीपी येत नाही म्हणून तो ‘पुन्हा पाठवा’ दाबतो. तेवढ्यात पहिला मेसेज येतो. तो तो आकडा टाकतो, पण दुसरा निघाल्याबरोबर पहिला रद्द झालेला असतो. ‘चुकीचा ओटीपी’. तीनदा झालं की खातं बंद. यावर उपाय सोपा आहे: मुदत संपेपर्यंत पुन्हा मागितल्यास तोच आकडा पाठवायचा. शिवाय आकडा मेसेजच्या अगदी सुरुवातीला हवा. देवनागरी मेसेजच्या एका तुकड्यात ७० अक्षरचिन्हं मावतात, इंग्रजी मेसेजमध्ये १६०. ‘महाराष्ट्र शासनाच्या अमुक विभागाच्या तमुक सेवेसाठी’ असं लिहिता लिहिताच ती जागा संपते आणि सूचनेच्या पट्टीत आकडा दिसतच नाही. आणि प्रत्येक पान भरून झालं की ते सर्व्हरवर जपून ठेवलं पाहिजे, म्हणजे शिधापत्रिका शोधायला उठलेल्या माणसाला दहा मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागणार नाही.

आता रकान्यांकडे बारकाईने पाहू. आधार कार्डावर बारा आकडे चार-चारच्या तीन गटांत छापलेले असतात. माणूस ते जसेच्या तसे, मध्ये जागा सोडून टाकतो. रकान्याला बाराची मर्यादा घातलेली असते. दोन मोकळ्या जागा धरून चौदा होतात, म्हणून शेवटचे दोन आकडे आपोआप गळतात आणि वर ‘आधार क्रमांक चुकीचा’ असा शेरा येतो. तो कार्ड पुन्हा पुन्हा पडताळून पाहतो. त्याचं काहीच चुकलेलं नसतं. मोकळ्या जागा प्रोग्रामनेच काढून टाकायच्या असतात. तीच गोष्ट अंकांची. फोनवर मराठी कीबोर्ड असलेल्या बाईने पिनकोड देवनागरी अंकांत टाकला तर मराठी अर्ज तो नाकारतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरांना क्रमांक देण्याच्या प्रमाण पद्धतीत, देवनागरी शून्य ते नऊ ओळीने बसवलेले आहेत. त्यांचे इंग्रजी अंक करायला एक ओळ पुरते. ज्या अर्जाचं शीर्षक मराठीत आहे, त्याला मराठी अंक कळू नयेत याचं समर्थन कशाने होणार?

बँकेचा आयएफएससी कोड अकरा चिन्हांचा असतो. पहिली चार अक्षरं, पाचवं नेहमी शून्य, पुढची सहा शाखेची. पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ टाकणं ही फार होणारी चूक आहे, कारण पासबुकावर दोन्ही सारखेच दिसतात. पाचव्या जागी दुसरं काही असूच शकत नाही, मग प्रोग्रामने तिथे ‘ओ’ दिसला की शून्य करून टाकावं. आणि कोड टाकल्याबरोबर बँकेचं व शाखेचं नाव खाली दाखवावं. शिष्यवृत्ती किंवा अनुदान भलत्याच ठिकाणी अडकण्यापेक्षा तिथल्या तिथे चूक पकडली जाते. याउलट खातेक्रमांक दोनदा टाकायला लावून वर ‘पेस्ट’ बंद करणं ही पद्धत रुजली आहे. त्यातून पासबुकाचा आकडा बघून दोन्हीकडे तीच चूक करणारा माणूस अडवला जात नाही, आणि बँकेच्या ॲपमधून अचूक आकडा उचलून आणणारा मात्र अडतो.

जन्मतारखेसाठी छोटं कॅलेंडर उघडतं ते आजच्या महिन्यावर. साठीच्या माणसाने मागे जाण्याचा बाण दाबत आपल्या जन्माच्या महिन्यापर्यंत पोचायचं तर तो ७२० वेळा दाबावा लागतो. वर्षावर बोट ठेवलं की वर्षांची यादी उघडते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ठाऊक असलेली तारीख विचारायची तर दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने द्यावेत आणि अंकांचा कीबोर्ड उघडावा. ब्रिटन सरकारच्या अर्जांत हीच पद्धत आहे. कॅलेंडर शोभतं ते ‘भेटीची वेळ ठरवा’ अशा ठिकाणी, जिथे वार बघायचा असतो.

नावाचा रकाना हा तर महाराष्ट्रातला स्वतंत्र विषय आहे. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधार कार्डावर बहुधा शेवटी. त्यात १ मे २०१४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम राज्याने २०२४ मध्ये ठरवला. निर्णय स्वागतार्हच आहे. पण ज्या अर्जांत ‘फर्स्ट, मिडल, लास्ट’ असे तीनच कप्पे आहेत, तिथे आईचं नाव कुठे घालायचं? कुणी पहिल्या कप्प्यात दोन्ही नावं घालतं, कुणी मधल्यात. पुढे दोन कागदांवरची नावं जुळत नाहीत म्हणून मूल आणि पालक दोघे खेटे घालतात. पूर्ण नावासाठी एकच लांब रकाना आणि त्याखाली ‘आधार कार्डावर आहे तसं लिहा’ एवढी ओळ दिली, तर निम्मे घोळ मिटतील.

काही अर्जांत इंग्रजीत नाव टाइप केलं की शेजारच्या रकान्यात ते आपोआप मराठीत उमटतं. सोय म्हणून हे छान वाटतं. पण इंग्रजीत ‘ळ’ नाही आणि ‘ण’ही नाही. ‘काळे’ इंग्रजीतून फिरून ‘काले’ होतात. घाईत ते कुणाच्या लक्षात येत नाही आणि सही-शिक्क्याच्या दाखल्यावर ‘काले’ छापून येतं. मग दुरुस्तीचा वेगळा अर्ज, वेगळी फी, पुन्हा आठवडे. मराठी नाव मराठीतच लिहू द्यावं, आणि सादर करण्याआधी ते मोठ्या अक्षरात दाखवून ‘दाखल्यावर तुमचं नाव असं छापलं जाईल’ असं स्पष्ट विचारावं. प्रोग्रामरांसाठी आणखी एक खाचखळगा: ‘ॲ’ हे अक्षर एकसंध टाइप करता येतं, तसंच ‘अ’वर चंद्र देऊनही. डोळ्यांना दोन्ही एकच, संगणकाला मात्र वेगवेगळी, आणि युनिकोडची नेहमीची एकसारखं करण्याची प्रक्रिया ती जुळवून देत नाही. ते काम हाताने करावं लागतं, नाहीतर त्या अक्षराचं नाव शोधल्यावर सापडत नाही.

गावाच्या यादीत होणारी चूक सगळ्यात महाग पडते. एकाच तालुक्यात बुद्रुक आणि खुर्द अशी जोडगावं असतात. यादीत ती ‘बु.’ आणि ‘खु.’ किंवा इंग्रजी आद्याक्षरांनी येतात, एकाखाली एक, बोटाएवढ्या जागेत. चुकून शेजारची ओळ दाबली गेली की अर्ज भलत्या तलाठ्याकडे जातो आणि पंधरा दिवसांनी ‘त्रुटी’ म्हणून परत येतो. यादीत पूर्ण नाव लिहावं. बोटाने दाबायच्या जागेची उंची निदान ४८ डीपी (अँड्रॉइडचं पडद्यावरचं माप) असावी, असं अँड्रॉइडचे स्वतःचे संकेत सांगतात. आणि जिल्ह्याचं जुनं नाव टाकून शोधणाऱ्यालाही तो सापडला पाहिजे. धाराशिव, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर ही नावं आता अधिकृत आहेत. पण पंधरा वर्षांपूर्वीच्या दाखल्यावर जुनं नाव छापलेलं आहे आणि माणूस अर्ज भरताना तो दाखला समोर ठेवून बसतो.

भाषेबद्दल थोडं. मराठी साइट म्हणजे वर कोपऱ्यात ‘मराठी’ असं बटण, अशी समजूत झाली आहे. ते दाबलं की मेनू मराठीत येतो. चुकीचे संदेश, ओटीपीचा मेसेज, पैसे भरण्याचं पान, मदतीची पुस्तिका हे सगळं इंग्रजीतच राहतं. म्हणजे सगळं सुरळीत असेपर्यंत मराठी, आणि अडचण आली की इंग्रजी. भाषा लागते ती नेमकी अडचणीच्या वेळी. जे मराठी असतं तेही बोलण्यातलं नसतं. ‘भ्रमणध्वनी क्रमांक प्रविष्ट करा’ हे वाचून माणूस थबकतो. ‘मोबाईल नंबर लिहा’ म्हटलं की हात चालतो. लोक ‘नॉन क्रिमीलेयर’ शोधतात आणि यादीत लिहिलेलं असतं ‘उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याबाबतचे प्रमाणपत्र’. कायद्यातला शब्द दाखल्यावर अवश्य राहू द्या. शोधण्याच्या खिडकीला मात्र दोन्ही शब्द ओळखू येऊ देत. चुकीचा संदेश लिहिताना काय चुकलं आणि काय करायचं, एवढं दोन वाक्यांत सांगावं: ‘पिनकोड सहा अंकी असतो. तुम्ही पाच अंक लिहिले आहेत.’ हा संदेश त्या रकान्याच्या लगत दिसला पाहिजे आणि आधी भरलेलं काहीही पुसलं जाता कामा नये.

अक्षरांचं म्हणाल तर इंग्रजीसाठी बेतलेल्या पानावर मराठी ओतलं की ओळींमधलं अंतर कमी पडतं आणि वरच्या वेलांट्या-मात्रा व खालचे उकार कापले जातात. ‘कु’ आणि ‘कू’मधला फरक तिथेच हरवतो. फिकट राखाडी अक्षरं उन्हात दिसत नाहीत. मजकूर आणि पार्श्वभूमी यांत ४.५ला १ इतका तरी उठाव हवा, असं जगभर मान्य झालेले वेबचे निकष सांगतात.

हे निकष काही कालचे नाहीत. भारत सरकारने सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं २००९ साली काढली, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा डिजिटल सेवांनाही लागू होतो. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल केवायसीच्या प्रकरणात निकाल दिला आणि डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं स्पष्ट केलं. त्यामागचं कारण मन हलवणारं होतं. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे जळालेल्या व्यक्तीला कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून ‘जिवंत’ असल्याचं सिद्ध करायला सांगितलं जात होतं. ते तिला शक्यच नव्हतं. पापणी मिचकावण्याखेरीज दुसरा मार्ग ठेवायचा, एवढी साधी गोष्ट न्यायालयापर्यंत न्यावी लागली. ती पद्धत ठरवताना असा एक तरी माणूस समोर बसवून तपासली असती तर हा दोष पहिल्या पाच मिनिटांत दिसला असता.

सुरक्षेचं कारण नेहमी पुढे केलं जातं आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. खोटे अर्ज, यंत्राने भरलेले हजारो अर्ज ही खरी डोकेदुखी आहे. पण त्यासाठी वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा हा उपाय आता थकला आहे. प्रोग्राम तो सोडवतात. चष्मा घरी विसरलेले आजोबा आणि पडद्यावरचा मजकूर फोनकडून वाचून घेणारा अंध विद्यार्थी मात्र अडतात. जिथे मोबाईलवर ओटीपी घेतलाच आहे, तिथे वर कॅप्चा लावून नेमकं काय साधतं? एका नंबरावरून किंवा एका ठिकाणाहून किती वेळा प्रयत्न होतो यावर सर्व्हरने मर्यादा घालावी. माणसाला न दिसणारा एक रिकामा रकाना ठेवावा, यंत्र तो भरतं आणि पकडलं जातं. हे उपाय जुने, फुकट आणि अर्जदाराला न जाणवणारे आहेत.

खरं तर अवघड अर्जच सुरक्षेला भगदाड पाडतो. ज्याला स्वतः भरता येत नाही तो केंद्रात जातो. तिथे घाईत अर्जदाराच्या खात्यात केंद्रचालकाचाच मोबाईल नंबर घातला जातो, कारण ओटीपी पटकन मिळतो. पासवर्डही त्यानेच ठरवलेला असतो. पुढचे सगळे मेसेज त्याच्या फोनवर जातात. ‘त्रुटी पूर्ण करा, सात दिवसांची मुदत’ हा मेसेज अर्जदाराला कळतच नाही. वर्षभराने दुसऱ्या दाखल्यासाठी तो स्वतः प्रयत्न करू लागला तर खातं उघडत नाही, कारण नंबर दुसऱ्याचा. केंद्रचालकाला दोष देण्यात अर्थ नाही. तोही दिवसाला शंभर अर्ज उपसत असतो आणि खेड्यातल्या हजारो माणसांचं काम त्याच्यामुळेच होतं. ज्याला मदत हवी त्याला केंद्र असलंच पाहिजे. पण जमत असूनही जिथे जावं लागतं ते केंद्र म्हणजे अर्जाच्या सदोष रचनेवर नागरिकाने भरलेला दंड आहे.

आता चाचणी कशी घ्यायची ते. पाचच का? वस्तू वापरायला किती सोपी आहे याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉवर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणितानुसार एक माणूस वापरून पाहतो तेव्हा सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात. दुसऱ्याला त्यातल्या काही त्याच भेटतात, काही नव्या. असं करत पाचव्यापर्यंत सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात. प्रत्येक अर्जाला हा आकडा तंतोतंत लागू पडेल असं नाही, पण त्यातला व्यवहार खरा आहे: पंधरा जणांना एकदम बसवण्यापेक्षा पाच जण, मग दुरुस्ती, मग नवे पाच, असं तीनदा केलेलं बरं.

हे पाच ऑफिसातले नकोत आणि ऑफिसातल्यांचे भाचे-पुतणेही नकोत. एक साठीपुढचा, एक मराठी कीबोर्ड वापरणारी, एक जुन्या स्वस्त फोनवाला, एक मजकूर फोनकडून वाचून घेणारी अंध व्यक्ती, आणि एक असा की ज्याने यापूर्वी ऑनलाइन अर्ज कधीच भरलेला नाही. प्रत्येकाने आपलाच फोन वापरायचा, आपलाच डेटा, ऑफिसचं वायफाय बंद. खरे आधार क्रमांक नकोत. चाचणीपुरती खोटी कागदपत्रं आधी तयार ठेवायची. काम सांगताना ‘सेवा निवडा, नोंदणी करा’ असं बटणाच्या भाषेत सांगायचं नाही. म्हणायचं, ‘तुमच्या मुलीला कॉलेजात फी सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा आहे. तो काढा.’ आणि गप्प बसायचं.

हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड. समोरचा अडला की बनवणाऱ्याचं बोट आपोआप स्क्रीनकडे जातं. तसं झालं की चाचणी फुकट. घरी त्याच्या शेजारी बोट दाखवायला कुणी नसतं. त्याने ‘आता काय करू?’ विचारलं तर ‘मी इथे नसतो तर काय केलं असतं?’ एवढंच विचारावं. तो कुठे थांबला, कुठे मागे गेला, कोणता शब्द दोनदा वाचला, कुठे फोन बाजूला ठेवून सुस्कारा टाकला, हे वेळेसह टिपावं. एकाला पाऊण तास, पाच जणांचा एक दिवस. शेवटी ‘आवडलं का?’ असं विचारू नये. आपल्याकडे पाहुणचार म्हणून लोक ‘छान आहे’ म्हणतात. अर्ज क्रमांक हातात आला की नाही, एवढंच बघावं. पाचही जणांना दिवसाची मजुरी आणि भाडं द्यावं. कोट्यवधींच्या पोर्टलच्या कंत्राटात हा खर्च शोधूनही सापडणार नाही इतका किरकोळ आहे.

कंत्राटात लिहायचं ते असं: अंतिम हप्ता मिळण्याआधी विभागाने निवडलेल्या पाच जणांपैकी किमान चौघांनी मदतीशिवाय अर्ज क्रमांकापर्यंत पोचलं पाहिजे. न पोचल्यास कंत्राटदाराने जादा मोबदला न घेता दुरुस्ती करावी आणि नव्या पाच जणांसमोर पुन्हा उभं राहावं. चाचणीच्या वेळी संबंधित विभागाचा निदान एक अधिकारी त्या खोलीत बसलेला असावा. अहवाल वाचून जे पटत नाही, ते आपल्याच आईच्या वयाच्या बाईला तिसऱ्या पानावर हताश होताना पाहिलं की पटतं.

पोर्टलच्या पहिल्या पानावर आजवर किती अर्ज आले याचा मोठा आकडा झळकत असतो. त्याच्या शेजारी आणखी तीन आकडे दर महिन्याला द्यावेत: किती जणांनी अर्ज सुरू केला, ते कोणत्या पानावर सोडून गेले, आणि दाखल झालेल्यांपैकी किती अर्ज केंद्रातून आले. यातला बराचसा हिशेब सर्व्हरच्या नोंदींत आधीच पडून असतो. पुढच्या हंगामाच्या अर्जांसाठी काम जानेवारीतच हाती घ्यावं लागेल. फेब्रुवारीत पहिले पाच जण, मार्चमध्ये दुरुस्ती, एप्रिलमध्ये दुसरे पाच, आणि निकालांची गर्दी लोटायच्या आत, स्वस्त फोनवर आणि तालुक्याच्या गावच्या नेटवर्कवर, शेवटचे पाच.